पेशीच्या पोथीतली तारीख

केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या 66 माणसांची तोंडे 17 वर्षांच्या काळात पुन्हा पुन्हा तपासली गेली. तपासणारे मुंबईचे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या काळी दंतसंशोधनाचा एक विभाग चालत असे. डॉ. फली मेहता आणि डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग या जोडीने त्या कामाला दिशा दिली होती. विभागाची माणसे खेडोपाडी घरोघर जात, तोंड तपासत, नोंद करत आणि काही काळाने पुन्हा त्याच दारात उभी राहत. या 66 जणांना सबम्युकस फायब्रोसिस होता. सुपारी चघळणाऱ्यांच्या गालाचे आतले अस्तर या विकारात पांढुरके आणि ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, पुढे पुढे तोंड पुरते उघडतही नाही. 1985 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष एका ओळीत सांगता येतो: 66 पैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे 7.6 टक्के.

मी संख्याशास्त्र शिकवतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गातून हमखास उत्तर येते, ‘म्हणजे धोका फार मोठा.’ मोठा आहेच. पण त्या आकड्याची दुसरी बाजूही मला सोडत नाही. तशाच ताठ गालांच्या 61 जणांना त्या काळात कर्करोग झाला नाही. पहिल्यांदा तोंड तपासले त्या दिवशी त्या पाच जणांच्या आणि या एकसष्ट जणांच्या पेशींत काही फरक पडलेला होता का? पडला असेल, तर केव्हा? आदल्या वर्षी की आदल्या पिढीत? नुसत्या डोळ्यांनी, किंवा सूक्ष्मदर्शकानेही, याचे उत्तर त्या काळी मिळण्यासारखे नव्हते. आज ते थोडेफार मिळू लागले आहे, आणि ते देण्यात जीवशास्त्राइतकाच संख्याशास्त्राचा हात आहे. पुढच्या पानांचा विषय तोच: कर्करोग होण्याआधीच्या, म्हणजे कर्कपूर्व अवस्थेतल्या पेशींमध्ये जनुकांचे बदल कधी झाले, याची तारीख मोजून काढणे.

‘तारीख’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. कोणते जनुक बिघडले हे सांगणे आता प्रयोगशाळांच्या हातचे झाले आहे. ते कधी बिघडले, हे रुग्णाच्या दृष्टीने जास्त मोलाचे आहे. पहिल्या बिघाडापासून कर्करोगापर्यंत दोन वर्षे लागत असतील तर तपासणीला जागाच उरत नाही. तीस वर्षे लागत असतील तर हाताशी तीस वर्षे आहेत. किती वर्षांनी एकदा तपासायचे, कोणाला घरी पाठवायचे, कोणावर लगेच उपचार करायचे, हे सगळे या एका अंतरावर ठरते.

हा हिशेब डीएनए वाचता येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला. 1954 साली लंडनमध्ये पीटर आर्मिटेज हे संख्याशास्त्रज्ञ आणि रिचर्ड डॉल हे डॉक्टर, दोघे मृत्यूच्या नोंदी घेऊन बसले. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह दाखवून देणारे ते हेच डॉल. कित्येक कर्करोगांनी होणारे मृत्यू वयाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढतात, असे त्यांना दिसले. म्हणजे वय दुप्पट झाले की धोका दोनचा सहावा घात, 64 पट. चाळिशीतल्या आणि ऐंशीतल्या माणसात इतका फरक. एकाच धक्क्याने कर्करोग होत असता तर धोका असा चढला नसता. एकामागून एक सात बदल व्हावे लागत असतील तर मात्र बरोबर सहाव्या घाताची चढण मिळते. डीएनएची दुहेरी गुंडाळी कळून तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. नुसत्या मृत्यूंच्या तक्त्यातून ‘हा रोग टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षांत घडतो’ असे ओळखणे ही मला विसाव्या शतकातल्या संख्याशास्त्राची एक फार मोठी कामगिरी वाटते.

1971 साली अमेरिकेत आल्फ्रेड क्नडसन यांनी डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग झालेल्या अवघ्या 48 मुलांच्या नोंदींवरून असेच अनुमान काढले. ज्या मुलांना हा रोग आनुवंशिक मिळतो त्यांना एकच धक्का पुरतो, इतरांना दोन लागतात. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागायला त्यानंतर पंधरा वर्षे जावी लागली.

आर्मिटेज आणि डॉल यांच्या गणितात एक उणीव होती. बिघडलेली पेशी पुढच्या बिघाडाची वाट पाहत एकटी, गप्प बसून राहते असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात अर्धवट बिघडलेली पेशी वाढते, तिची पिलावळ होते, काही मरतात, काही पसरतात. आतड्यातला पॉलिप म्हणजे अशीच पिलावळ. हे वाढणे आणि मरणे गणितात आणले ते सुरेश मुळगावकर यांनी. आडनाव वाचून मराठी वाचकाची मान वर होईल, माझीही झाली होती. वैद्यक आणि गणित दोन्ही शिकलेले मुळगावकर पुढे सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग केंद्रात काम करत राहिले. 1979 साली व्हेन्झन यांच्यासह आणि 1981 साली क्नडसन यांच्यासह त्यांनी मांडलेले मॉडेल तिघांच्या नावाने ओळखले जाते. पिलावळ वाढते एवढे धरले की सात बदलांची गरज उरत नाही, दोन बदलांतही वयाबरोबर चढणारी ती रेषा मिळते. बिघडलेल्या पेशींची संख्या वाढली की पुढचा बिघाड त्यातल्या कुठल्या तरी पेशीला गाठणारच, इतकी ती साधी गोष्ट. कर्कपूर्व अवस्था म्हणजे नेमकी ही मधली पिलावळ. 2002 साली गेओर्ग ल्युबेक आणि मुळगावकर यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला हेच गणित लावून पाहिले.

पण ही सगळी गणिते समूहाची होती. लाखभर लोकांत काय घडते ते त्यांतून कळे. समोर बसलेल्या एका माणसाच्या एका चट्ट्यात काय केव्हा घडले, हे कळत नसे. त्यासाठी पेशीच्या आत लिहिलेले वाचावे लागते.

इथे मी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडे वळतो, कारण याहून चांगले उदाहरण मला मराठीत दिसत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे 1919 साली सुरू झाले आणि 1966 साली पुरे झाले. विष्णू सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर प्रश्न होता तो असा: शेकडो पोथ्या, वेगवेगळ्या लिप्या, प्रत्येकीत वेगळे पाठ, आणि मूळ पोथी कुठेच नाही. 1,259 हस्तलिखितांचा आधार घेऊन ते काम झाले. त्यातली एक किल्ली अशी की लेखनिकाची चूक वाया जात नाही. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक सापडली तर दोघींची आई एक. एकीतच सापडली तर ती चूक नक्कल वेगळी झाल्यानंतरची. चुकांवरून पोथ्यांचा वंशवृक्ष उभा राहतो, आणि आधी काय, नंतर काय, हे कळते.

पेशी हीदेखील नक्कल होत आलेली पोथी आहे. सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर, आईकडून एक प्रत आणि वडिलांकडून एक. आयुष्यभर त्यात चुका साचत राहतात. शास्त्रात त्यांना उत्परिवर्तने म्हणतात, बोलताना आपण म्युटेशन म्हणतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या मूळ पेशीत दर वर्षी साधारण 17 चुका वाढतात, मोठ्या आतड्याच्या अस्तरात चाळीसच्या आसपास. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. त्यातला एक प्रकार तर घड्याळासारखा चालतो: मिथाइल लागलेल्या ‘सी’ अक्षराचा अमिनो गट गळून पडतो आणि त्याचा ‘टी’ होतो. तंबाखूमुळे होणाऱ्या चुका मात्र या कामाच्या नाहीत. माणूस तंबाखू धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, तसा त्यांचा वेग बदलतो. वेळ मोजायची तर घड्याळ एकसारखे चालणारे हवे, म्हणून मोजणारे लोक या ‘सी’च्या ‘टी’वर भिस्त ठेवतात.

आता एक हिशेब जवळून बघू. आकडे मी सोयीचे घेतले आहेत, रीत खरी आहे. कित्येक कर्कपूर्व चट्ट्यांत असे घडते की गुणसूत्राच्या एका तुकड्याची एक प्रत हरवते आणि उरलेल्या प्रतीची नक्कल होऊन पुन्हा दोन प्रती होतात. सतराव्या गुणसूत्रावर टीपी53 नावाचे पहारेकरी जनुक असते, त्याच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते. एका रुग्णाच्या चट्ट्यातला असा तुकडा वाचला. नक्कल होण्याआधी पडलेली प्रत्येक चूक आता दोन्ही प्रतींत दिसणार, तिला दुहेरी म्हणू. नक्कलेनंतर पडलेली चूक एकाच प्रतीत दिसणार, ती एकेरी. मोजल्यावर 60 दुहेरी आणि 40 एकेरी चुका मिळाल्या. एकेरी चुका दोन प्रतींत वाटल्या गेल्या आहेत, म्हणजे प्रत्येक प्रतीच्या वाट्याला 20. म्हणून एका प्रतीचा पूर्ण इतिहास 80 चुकांचा: 60 आधीच्या, 20 नंतरच्या. चार भागांतले तीन भाग आयुष्य सरले होते तेव्हा ही नक्कल झाली. रुग्ण साठ वर्षांचा असेल तर पंचेचाळिसाव्या वर्षी.

पंधरा वर्षांपूर्वी, डोळ्याला काही दिसत नसताना, एका पेशीत घडलेली घटना अशी वजाबाकी-भागाकाराने हाती येते. मी पहिल्यांदा हा हिशेब कागदावर करून पाहिला तेव्हा बराच वेळ पेन खाली ठेवून बसलो होतो.

मात्र पंचेचाळीस हा आकडा तसाच उचलून रुग्णाला सांगता येणार नाही. चुका योगायोगाने पडतात. याच पेशीला तेच आयुष्य पुन्हा जगायला दिले तर दुहेरी चुका 60 च्या जागी 53 किंवा 68 निघतील. हा योगायोग हिशेबात धरला की पंचेचाळीसचा अर्थ होतो ‘चाळीस ते पन्नासच्या दरम्यान’. दुसरी अडचण त्याहून अवघड. आपण वेग आयुष्यभर सारखा धरला. बिघडलेली पेशी घाईघाईने विभागते, तिच्या चुकाही वाढतात. नक्कलेनंतर वेग चौपट झाला असेल तर त्या 20 चुकांना पूर्वीच्या वेगाच्या पाच चुकांइतकाच काळ लागला असणार. मग प्रमाण 60 ला 5, आणि घटना पंचेचाळिसाव्या वर्षी न होता पंचावन्नाव्या वर्षी झालेली निघते. पेशी तीच, मोजणी तीच, गृहीत बदलले आणि तारीख दहा वर्षांनी सरकली. म्हणून माझा आग्रह आहे की या क्षेत्रातली कुठलीही तारीख वाचताना दोन गोष्टी विचाराव्यात: अंतर किती धरले आहे, आणि वेग काय धरला आहे. ज्या लेखात ही दोन उत्तरे नसतील त्यातल्या तारखेवर मी विश्वास ठेवत नाही.

2020 च्या फेब्रुवारीत ‘नेचर’मध्ये मॉरिट्झ गेर्स्टुंग आणि सहकाऱ्यांनी 38 प्रकारच्या 2,658 कर्करोगांचा असा इतिहास मांडला. वेगवाढीच्या निरनिराळ्या शक्यता धरूनही निष्कर्ष टिकला: सुरुवातीचे बदल निदानाच्या कित्येक वर्षे, काही प्रकारांत कित्येक दशके आधी झालेले असतात. या संचात भारतातून गेलेले गाल आणि हिरडीच्या कर्करोगाचे नमुनेही होते. पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ यांनी मिळून या कर्करोगाच्या जनुकांचा नकाशा 2013 सालीच प्रसिद्ध केला होता.

काही उत्तरे ऐकून आजही अंगावर काटा येतो. मूत्रपिंडाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगात तिसऱ्या गुणसूत्राचा एक हात तुटतो. 2018 साली ‘सेल’मध्ये आलेल्या हिशेबानुसार ही मोडतोड पुष्कळदा बालपणी किंवा कुमारवयात झालेली असते, आणि कर्करोग मात्र साठीच्या आसपास दिसतो. रक्तातल्या पेशी बेसुमार वाढवणाऱ्या विकारांत जेएके2 नावाच्या जनुकातला बदल काही रुग्णांत आईच्या पोटात असतानाच झालेला होता, असे 2022 साली दिसून आले. त्या बदलापासून निदानापर्यंत सरासरी तीस वर्षे गेली होती. मोठ्या आतड्यात मोठ्या पॉलिपचा पसरणारा कर्करोग व्हायला साधारण 17 वर्षे लागतात, असा अंदाज 2008 साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दिला.

या विषयात ज्या एका कर्कपूर्व अवस्थेवर सर्वांत जास्त आणि सर्वांत चिकाटीने काम झाले ती अन्ननलिकेची आहे. तिच्यापाशी थोडे थांबतो. जठरातले आम्ल वर्षानुवर्षे वर येत राहिले, छातीत जळजळ होत राहिली, की काही माणसांच्या अन्ननलिकेचे खालच्या टोकाचे अस्तर बदलते. मूळचे अस्तर चपट्या पेशींच्या थरांचे, फिक्या रंगाचे. त्याच्या जागी आतड्यासारखे तांबूस अस्तर येते. दुर्बिणीतून घेतलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्यात चषकासारख्या पेशी दिसतात, प्रत्येकीच्या पोटात श्लेष्माचा एक फुगा. आतड्यात असायच्या पेशी घशाखाली. 1950 साली या दुखण्याबद्दल लिहिणाऱ्या लंडनच्या नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते.

बॅरेटची अन्ननलिका असलेल्या माणसाला अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो हे खरे, पण किती? डेन्मार्कमध्ये 11,028 रुग्णांच्या नोंदींवरून 2011 साली काढलेला आकडा वर्षाला 0.12 टक्के इतका आहे. म्हणजे हजार जणांत वर्षाला एखादाच. तरीही या सगळ्यांना ठरावीक वर्षांनी दुर्बीण घशातून आत घालून घ्यावी लागते. हजारातला तो एक आधीच ओळखता आला तर बाकीच्यांचा केवढा त्रास वाचेल.

सिएटलमध्ये ब्रायन रीड यांच्या पुढाकाराने 1983 पासून बॅरेटच्या रुग्णांचा पाठपुरावा होत आला. त्यातल्या 248 जणांच्या वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या तुकड्यांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. 79 जणांना पुढे कर्करोग झाला होता, 169 जणांना झाला नव्हता. (79 भागिले 248 असा भागाकार वाचकांनी करू नये. तुलनेसाठी कर्करोग झालेल्यांची संख्या मुद्दाम जास्त घेतली होती.) ज्यांना कर्करोग झाला नाही त्यांच्या पेशींतही बदल होते, काही तर खूप जुने. पण ते लहान होते आणि वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहिले. ज्यांना झाला त्यांच्या पेशींत निदानाच्या सुमारे चार वर्षे आधीपासून गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे कमीजास्त होऊ लागले, आणि शेवटच्या दोन वर्षांत अख्ख्या जनुकसंचाचीच दुप्पट झालेली दिसली. ‘हळूहळू चढत जाणारा जिना’ ही आपली कल्पना इथे मोडते. बराच काळ सपाट रस्ता, आणि मग एकाएकी कडा.

त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. कर्करोगात सापडणारी बहुतेक म्युटेशन कधीही न बिघडलेल्या बॅरेटच्या अस्तरातही सापडतात. टप्प्याशी घट्ट बांधलेली दोनच: तीव्र बिघाडाच्या वेळी टीपी53 आणि कर्करोग झाल्यावर एसमॅड4. पुढे 2020 साली केंब्रिजच्याच रिबेका फिट्झजेराल्ड आणि गेर्स्टुंग यांच्या गटांनी 88 रुग्णांचे 777 तुकडे वरवर वाचून, म्हणजे अक्षर न् अक्षर न वाचता फक्त गुणसूत्रांच्या प्रती मोजून, एक मॉडेल बसवले. काही रुग्णांत त्याने दहा वर्षे आधी इशारा दिला. स्वस्तातली मोजणी आणि नेटके मॉडेल एवढ्यावर हे साधले, याचे मला फार अप्रूप वाटते, कारण आपल्याकडच्या रुग्णालयांना परवडेल अशी हीच वाट आहे.

मुळात बॅरेटचे अस्तर कधी बदलले हे रुग्णाला कळत नाही. दुर्बिणीची तारीख ही अवस्था सापडल्याची तारीख, ती सुरू झाल्याची नव्हे. पन्नाशीत निदान झालेल्या दोघांपैकी एकाचे अस्तर गेल्या वर्षी बदललेले असेल, दुसऱ्याचे विशीत. किट कर्टियस, ल्युबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली यासाठी दुसरे घड्याळ वापरले: डीएनएवर मिथाइलच्या खुणांचा वयाबरोबर होणारा सरकाव. एकाच रुग्णाच्या मूळ अस्तराशी बॅरेटच्या अस्तराची तुलना करून त्या अस्तराचे वय काढले. सारख्या वयाच्या रुग्णांत ते फार वेगवेगळे निघाले, आणि ज्यांच्या घराण्यात हा रोग होता त्यांचे अस्तर जास्त जुने निघाले. मुळगावकरांच्या गणिताचा वारसा या कामात स्पष्ट दिसतो.

इथे संख्याशास्त्राचा एक जुना सापळाही ध्यानात ठेवायला हवा. एसटी स्टँडवर कुठल्याही वेळी गेलात तर उभ्या दिसणाऱ्या गाड्यांत जास्त करून लांब थांबा घेणाऱ्या गाड्याच दिसतील. दोन मिनिटे थांबून सुटणारी गाडी तुमच्या नजरेस क्वचितच पडेल. तपासणी शिबिरात सापडणाऱ्या कर्कपूर्व अवस्थाही तशाच, संथ चालणाऱ्या जास्त. त्यांच्यावरून ‘सगळ्यांनाच वीस वर्षे लागतात’ असे म्हणणे म्हणजे स्टँडवर बघून सगळ्या गाड्या तासभर थांबतात असे म्हणणे. ज्यांची घाईची गाडी होती ते रुग्ण शिबिरात येण्याआधीच कर्करोग घेऊन रुग्णालयात पोचलेले असतात. ही चूक मॉडेलमध्ये दुरुस्त करता येते, पण त्यासाठी ती आहे हे आधी मान्य करावे लागते.

आणखी एक सावधगिरी. 2018 साली निरोगी माणसांच्या अन्ननलिकेचे अस्तर वाचले गेले तेव्हा दिसले की मध्यम वयात त्याचा मोठा भाग नॉच1 या जनुकात बदल झालेल्या पेशींनी व्यापलेला असतो. कर्करोगात हा बदल जितका आढळतो त्याहून जास्त प्रमाणात तो निरोगी अस्तरात आढळला. म्हणून अहवालात एखादे म्युटेशन दिसले की घाबरून जाण्याचे कारण नाही. कुठला बदल, किती मोठा, कशानंतर आणि किती वेगाने पसरतो आहे, हे मिळून अर्थ लागतो.

आता पुन्हा तोंडाकडे येतो. विदर्भात खर्रा, दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत मावा, शहरांत गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि तरीही पोरांच्या खिशात पुड्या सापडतात, हे आपण रोज बघतो. अन्ननलिकेपर्यंत पोचायला दुर्बीण लागते. तोंड नुसते उघडले तरी दिसते. तुकडा घेणे सोपे, पुन्हा घेणेही सोपे. तारखा मोजण्याच्या या कामासाठी तोंडासारखी दुसरी जागा नाही, आणि या रोगाचे रुग्ण आपल्याइतके फार थोड्या देशांत असतील. एर्नाकुलमच्या त्या 66 जणांचे तुकडे आज वाचता आले असते तर ते पाच आणि हे एकसष्ट यांच्यातला फरक कदाचित कळला असता.

वरची सगळी उत्तरे ज्या कच्च्या मालावर उभी आहेत तो अगदी साधा आहे: वर्षानुवर्षे परत येणारी माणसे, आणि मेणात जपलेले त्यांचे तुकडे. सिएटलचे रुग्ण पुन्हा पुन्हा दुर्बिणीखाली आले. त्यातही ज्यांना कधीच काही झाले नाही असे 169 जण आले नसते तर उरलेल्या 79 जणांच्या तारखांना अर्थ राहिला नसता. तेव्हा पॅथॉलॉजीत काम करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना विनंती आहे की जागा नाही म्हणून जुने पॅराफिन ब्लॉक टाकून देऊ नका, आणि त्यांच्यावरचा नंबर व तारीख पुसू देऊ नका. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणाच्या गालात पांढरा चट्टा असेल, तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तर आज सुपारी सोडायला लावा, दाखवायला घेऊन जा, आणि डॉक्टर सहा महिन्यांनी बोलावतील तेव्हा काही दुखत नसले तरी पुन्हा घेऊन जा.